गोळी, गाठ आणि हात : हिंगोलीच्या तपासणीमागचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

जुलै २०२५ मध्ये एक आकडा वर्तमानपत्रांतून आणि मोबाईलवरून घरोघरी पोहोचला. हिंगोली जिल्ह्यातील १४,५४२ महिलांमध्ये कर्करोगासारखी लक्षणे आढळली, अशी माहिती आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर यांनी विधिमंडळात दिली होती. ८ मार्च २०२५ पासून जिल्ह्यात 'संजीवनी' अभियान सुरू होते. त्यात २ लाख ९२ हजारांहून अधिक महिलांकडून प्रश्नावली भरून घेतली गेली आणि त्यातून हा आकडा निघाला. पण गावोगाव पोहोचेपर्यंत त्यातला 'सारखी' हा शब्द कुठेतरी गळून पडला. 'हिंगोलीत चौदा हजार बायकांना कॅन्सर' एवढेच लोकांच्या लक्षात राहिले.

त्याच दिवसांत एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. वय एक्कावन्न, पाळी जाऊन दोन वर्षे झालेली. अंगातून वाफा निघणे, रात्री घामाने अंथरूण ओले होणे, झोप उडणे या त्रासामुळे दीड वर्षापासून हार्मोनची गोळी सुरू होती. त्या म्हणाल्या, "आशाताईंनी विचारलं, स्तनात गाठ लागते का, काही बदल वाटतो का. मी हो म्हणाले. गोळी सुरू झाल्यापासून छाती जड वाटते, हाताला गाठी-गाठी लागतात. म्हणजे माझंही नाव त्या चौदा हजारांत आहे. डॉक्टर, गोळी बंद करू का?"

हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. रजोनिवृत्तीनंतर हार्मोनची गोळी, पट्टी किंवा जेल वापरणाऱ्या प्रत्येकीच्या मनात तो कधी ना कधी येतो. उत्तर एका वाक्यात देता येईल, पण तुम्हाला ते पटावे असे वाटत असेल तर थोडे मागे जावे लागेल. ही गोळी कुठून आली, तिचा आणि स्तनाच्या गाठीचा संबंध कसा कळला, आणि गाठ शोधायला कोणाचा हात उपयोगी पडतो, या तीन गोष्टींचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. त्यातला एक महत्त्वाचा भाग तर आपल्या महाराष्ट्रातच घडला आहे.

सुरुवात गाईपासून

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात जॉर्ज बीटसन नावाचे एक सर्जन होते. तरुणपणी प्रबंधासाठी त्यांनी दूध कसे तयार होते याचा अभ्यास केला. त्यात त्यांना एक गोष्ट समजली. काही देशांतले शेतकरी गाय व्यायली की तिची अंडाशये काढून टाकतात, म्हणजे ती खूप काळ दूध देत राहते. घरी गाय-म्हैस असलेल्या तुमच्यापैकी अनेकींना दूध आणि माज यांचा संबंध सांगायला नको. बीटसन यांना मात्र यातून नवा प्रश्न पडला : अंडाशय पोटात, कास बाहेर, मग एकाचा दुसऱ्यावर हुकूम कसा चालतो?

पुढे त्यांच्याकडे स्तनाचा कर्करोग पसरलेली एक रुग्ण आली. दुसरा उपाय उरला नव्हता. बीटसन यांनी तिची अंडाशये काढली आणि काही महिन्यांत गाठ विरघळत गेली. १८९६ मध्ये त्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला. हार्मोन हा शब्दसुद्धा तेव्हा वापरात आलेला नव्हता. पण अंडाशयातून येणारे काहीतरी स्तनाच्या गाठीला पोसते, हे तेव्हाच दिसून आले होते.

हे लक्षात ठेवा, कारण पुढची शंभर वर्षे वैद्यकशास्त्र हे कधी विसरले, तर कधी नको तितके आठवून घाबरले.

घोडीच्या लघवीतून आलेली गोळी

१९४२ मध्ये अमेरिकेत 'प्रेमारिन' नावाची गोळी बाजारात आली. गाभण घोडीच्या लघवीतून काढलेले इस्ट्रोजेन हा तिचा मुख्य घटक, आणि नावही 'प्रेग्नंट मेअर्स युरिन' म्हणजे गाभण घोडीची लघवी या इंग्रजी शब्दांवरूनच जुळवलेले. पाळी गेल्यावर अंडाशयातून इस्ट्रोजेन येणे थांबते. ते बाहेरून दिले की वाफा, घाम, योनीचा कोरडेपणा कमी होतो. गोळी काम करत होती, यात शंका नव्हती.

१९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या अमेरिकी डॉक्टरांचे एक पुस्तक खूप गाजले. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा की पाळी जाणे हा एक आजार आहे आणि इस्ट्रोजेन घेत राहिले तर बाई कायम तरुण राहते. गोळीचा खप प्रचंड वाढला. त्रास नसलेल्या बायकाही वर्षानुवर्षे ती घेऊ लागल्या.

पहिला धक्का १९७५ मध्ये बसला. नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कित्येक पटींनी जास्त दिसतो, असे दोन अभ्यासांनी दाखवले. इस्ट्रोजेन अस्तर वाढवत राहते, आणि ते आवरायला दुसरे हार्मोन, म्हणजे प्रोजेस्टेरॉन, लागते. तेव्हापासून नियम ठरला : पिशवी जागेवर असेल तर दोन्ही हार्मोन द्यायचे, पिशवी काढलेली असेल तर एकटे इस्ट्रोजेन चालते.

नियम बरोबर होता आणि आजही आहे. पण प्रोजेस्टेरॉनने गर्भाशय वाचवताना स्तनाचे काय होते, हे विचारायला आणखी पंचवीस वर्षे गेली.

२००२ : एका बातमीने बंद झालेल्या गोळ्या

अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' नावाचा एक मोठा अभ्यास झाला. गर्भाशय असलेल्या १६,६०८ महिलांचे दोन गट केले. एका गटाला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखे औषध असलेली गोळी, दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. जुलै २००२ मध्ये, सरासरी पाच वर्षांनंतर, हा भाग ठरल्या वेळेआधीच थांबवण्यात आला, कारण औषधाच्या गटात स्तनाचे कर्करोग जास्त निघत होते.

जगभर एकच घबराट झाली. लाखो बायकांनी रात्रीत गोळ्या बंद केल्या. डॉक्टरांनीही लिहून देणे थांबवले. आता तो आकडा आपण शांतपणे बघू. दहा हजार बायका एक वर्ष बिनऔषधाची गोळी घेत असतील, तर त्यांच्यात वर्षाला ३० जणींना स्तनाचा कर्करोग झाला. खरी गोळी घेणाऱ्या दहा हजारांत ३८ जणींना झाला. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. धोका खरा आहे, पण बातमी ऐकून वाटला तेवढा मोठा नाही.

२००४ मध्ये याच अभ्यासाचा दुसरा भाग आला. त्यात गर्भाशय काढलेल्या १०,७३९ महिला होत्या आणि त्यांना एकटे इस्ट्रोजेन दिले होते. त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला नाही. पुढे २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात जगभरच्या अनेक अभ्यासांची एकत्र मोजणी आली. तिचा हिशोब पाश्चात्त्य देशांतल्या बायकांचा आहे, पण दिशा कळायला पुरेसा आहे : पन्नाशीला सुरू करून पाच वर्षे दोन्ही हार्मोन रोज घेतले, तर पुढच्या वीस वर्षांत दर ५० बायकांमागे एक कर्करोग जास्त. एकटे इस्ट्रोजेन घेतले तर दर २०० बायकांमागे एक जास्त. योनीत लावायच्या इस्ट्रोजेनच्या क्रीमने मात्र धोका वाढलेला आढळला नाही.

या सगळ्या गोंधळात एक शोध मागे पडला, आणि आजच्या विषयासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. २००३ मध्ये त्याच अमेरिकी अभ्यासातल्या मॅमोग्राफी तपासण्यांचा हिशोब प्रसिद्ध झाला. गोळी सुरू होऊन एकच वर्ष झाले होते, तरी औषधाच्या गटात शंभरातल्या नऊ-दहा जणींच्या मॅमोग्राफीत काहीतरी शंकास्पद दिसत होते, तर दुसऱ्या गटात पाच-सहा जणींच्या. शिवाय गोळी घेणाऱ्यांमधले जे कर्करोग सापडले, ते सापडताना आकाराने थोडे मोठे आणि पुढच्या टप्प्यातले होते.

याचा अर्थ नीट समजून घ्या. पाळी गेल्यावर स्तनातील ग्रंथी आकसतात, चरबी वाढते आणि मॅमोग्राफीचे चित्र मोकळे, काळसर दिसू लागते. गाठ पांढरी दिसते, म्हणून ती काळ्यावर उठून दिसते. दोन्ही हार्मोन घेतल्यावर ग्रंथी पुन्हा भरतात आणि चित्र पांढरट होते. मग पांढऱ्यावर पांढरे शोधायचे! कापसाच्या ढिगात हरवलेले सरकीचे बी डोळ्याला दिसत नाही, तसेच हे. म्हणजे ही गोळी धोका थोडा वाढवते, आणि वर तपासणीच्या डोळ्यांवर पडदाही आणते. म्हणूनच गोळी घेणाऱ्या बाईने तपासणी टाळून चालत नाही.

आपल्या भागातली गोष्ट थोडी वेगळी

वर सांगितलेल्या बहुतेक बायका पन्नाशीच्या पुढच्या होत्या. पहिल्या अमेरिकी अभ्यासात तर सरासरी वय ६३ होते. मराठवाड्यात मात्र आम्हा डॉक्टरांसमोर वेगळीच बाई बसलेली असते : वय पस्तीस-अडतीस आणि "पिशवी काढली" हे दोन शब्द. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची स्थिती २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तपासली. तेव्हा पाहणीतल्या ८० हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले होते.

पिशवीसोबत अंडाशयेही काढली असतील, तर बाईची रजोनिवृत्ती टाक्यांबरोबरच सुरू होते. हाडे झिजतात, हृदयाचा धोका वाढतो. अशा कमी वयाच्या बाईला, दुसरी अडचण नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन देणे योग्य मानले जाते. तिला २००२ ची बातमी दाखवून घाबरवणे चूक आहे, कारण आपण तिला फक्त तिच्याच शरीरातून वेळेआधी गेलेले परत देत असतो. म्हणून तुमच्या शस्त्रक्रियेचा कागद जपून ठेवा. "पिशवी काढली" एवढे पुरत नाही. अंडाशये काढली की ठेवली, हे त्यावर लिहिलेले असते, आणि तुमचा पुढचा सगळा हिशोब त्यावर ठरतो.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करू. घरात पूजा आहे, औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचे आहे, म्हणून पाळी पुढे ढकलायला चार-पाच दिवस घेतात ती गोळी म्हणजे हार्मोन उपचार नव्हे. ती वेगळी गोळी आहे. तीही मेडिकलमधून मनानेच आणून घेऊ नये, पण आजचा विषय तो नाही.

त्याच वर्षीची दुसरी बातमी

आता हाताकडे वळू. आपला स्तन आपणच दर महिन्याला ठरावीक पद्धतीने चाचपावा, हे बायकांना अनेक दशके शिकवले गेले. कल्पना चांगली होती, पण त्याने जीव वाचतात का, हे कोणी मोजले नव्हते. ते चीनमधल्या शांघायमध्ये मोजले गेले. तिथल्या कापड गिरण्यांतील २ लाख ६६ हजार कामगार महिलांचे दोन गट केले. एका गटाला स्वतः तपासायचे नीट शिक्षण दिले, पुन्हा पुन्हा उजळणी घेतली. दुसऱ्या गटाला ते दिले नाही. दहा-अकरा वर्षे वाट पाहिली.

निकाल २००२ मध्येच आला. शिकवलेल्या गटात स्तनाच्या कर्करोगाने १३५ मृत्यू, न शिकवलेल्या गटात १३१. काहीच फरक नाही. फरक पडला तो एवढाच की शिकवलेल्या गटात कर्करोग नसलेल्या साध्या गाठी दुपटीच्या जवळपास जास्त सापडल्या. तेवढी भीती, तेवढ्या सुया, तेवढे टाके वाढले.

एकाच वर्षी दोन बातम्या : गोळी सुरक्षित नाही, आणि स्वतःच्या हाताचाही भरवसा नाही. मग बाईने करायचे काय? मॅमोग्राफीचे यंत्र तर भारतातल्या बहुतेक तालुक्यांत नव्हते.

मुंबईने दिलेले उत्तर

या प्रश्नाचे उत्तर शोधायला मुंबईत सुरुवात झाली होती. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाचे उपचार करत आहे. तिथल्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मे १९९८ मध्ये एक अभ्यास सुरू केला. हिंगोली तेव्हा जिल्हाही नव्हता. परभणीतून तो वेगळा झाला पुढच्या वर्षी, १ मे १९९९ रोजी.

मुंबईतल्या वीस वस्त्या-विभागांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक महिला या अभ्यासात होत्या. निम्म्या विभागांत प्रशिक्षण दिलेल्या महिला आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी एकदा, असे चार वेळा, प्रत्येकीचे स्तन हाताने तपासले आणि माहिती दिली. त्या डॉक्टर नव्हत्या, आणि सोबत मॅमोग्राफीही नव्हती. दोन बोटांनी नव्हे, तर तळव्याकडच्या बाजूने तीन बोटे सपाट ठेवून, गळपट्टीच्या हाडापासून काखेपर्यंत, न घाई करता तपासायला त्यांना शिकवले होते. बाकीच्या विभागांत सुरुवातीला फक्त माहिती दिली. मग वीस वर्षे दोन्हींकडे लक्ष ठेवले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये 'बीएमजे' या नियतकालिकात निकाल आला. तपासणी झालेल्या गटात पुढच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातले कर्करोग १०० पैकी ३७, तर दुसऱ्या गटात ४७. सगळ्या वयांचा एकत्र विचार केला तर मृत्यू १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण तो फरक योगायोगाचा असू शकतो इतका लहान होता. वयानुसार पाहिले तेव्हा चित्र स्पष्ट झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांना ठळक फायदा दिसला नाही. पन्नास आणि त्यापुढच्या बायकांमध्ये मात्र मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

पुन्हा वाचा : पन्नास आणि त्यापुढच्या. म्हणजे पाळी गेलेल्या, आणि म्हणूनच हार्मोनची गोळी सुरू होऊ शकते त्याच वयाच्या. ज्या वयात गोळीमुळे मॅमोग्राफीचे चित्र धूसर होऊ शकते, नेमक्या त्याच वयात प्रशिक्षित हात सर्वांत जास्त जीव वाचवताना दिसला. या अभ्यासातल्या बायका गोळी घेणाऱ्या होत्या असे नाही, आणि मॅमोग्राफीची गरज त्यामुळे संपत नाही. पण तुमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरच्या हाताला कमी लेखू नका, एवढे त्यातून नक्की कळते.

मराठवाड्याचाही या इतिहासात वाटा आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील गावांत १ लाख ३१ हजारांहून अधिक महिलांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला आणि २००९ मध्ये जगाने त्याची दखल घेतली. खेड्यातली बाई तपासणीला येत नाही, हे म्हणणे तिथल्या बायकांनी खोटे ठरवले. २०१६ मध्ये केंद्र सरकारने तीस वर्षांपुढील सर्वांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या तपासणीची मार्गदर्शक सूचना काढली. आशाताईंच्या हातातला तो कागद या साऱ्या इतिहासाचा वारसा आहे.

आता पुन्हा त्या १४,५४२ कडे

तपासणी म्हणजे एकावर एक ठेवलेल्या चाळण्या. पहिली चाळणी मोठ्या भोकांची असते, ती म्हणजे प्रश्नावली. ती मुद्दामच अशी ठेवतात, की शंका असलेली एकही बाई सुटू नये. त्यामुळे तिच्यात खडेही येतात आणि दाणेही. दुसरी चाळणी प्रशिक्षित हाताची. तिसरी सोनोग्राफी आणि मॅमोग्राफीची. शेवटची सुईच्या तपासणीची, म्हणजे बायोप्सीची. कर्करोग आहे की नाही हे फक्त शेवटची चाळणी सांगते.

हिंगोलीत पहिल्या चाळणीत शंभरातल्या साधारण पाच महिला थांबल्या. विधिमंडळात माहिती दिली त्या वेळेपर्यंत निदान झालेले कर्करोग होते : गर्भाशयमुखाचे ३, स्तनाचा १ आणि तोंडाचे ८. पुढच्या तपासण्या तेव्हा चालूच होत्या. चौदा हजार आणि बारा यांतले अंतर बघा. यादीत नाव असणे म्हणजे आजार असणे नव्हे. पण यादीत नाव आले आणि घाबरून पुढच्या चाळणीला गेलोच नाही, तर जिचा एक दाणा खरा होता, ती बाई कुठे जाणार? आकड्याला घाबरण्यातला खरा धोका हाच आहे.

गोळी सुरू असेल तर काय पाहायचे

शांघायचा धडा असा नाही की स्वतःकडे बघूच नका. धडा असा आहे की तारीख लावून, भीतभीत गाठी शोधत बसू नका. आपली छाती नेहमी कशी असते हे माहीत असू द्या, म्हणजे वेगळे काही झाले तर लगेच कळेल. अंघोळीच्या वेळी साबणाचा हात, कपडे बदलताना आरशात एक नजर, एवढे पुरे.

गोळी सुरू झाल्यावर पहिल्या तीन-चार महिन्यांत होणारे हे बदल बहुधा औषधाचे असतात :

– दोन्ही स्तन जड, भरलेले वाटणे
– दोन्हीकडे सारखे दुखणे, हात लावल्यावर हुळहुळणे
– दोन्हीकडे सारखाच बारीक खडबडीतपणा लागणे
– ब्लाउज थोडा घट्ट होणे

डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करून किंवा प्रकार बदलून हा त्रास बहुतेक वेळा कमी होतो.

यांपैकी काही दिसले तर मात्र थांबू नका. गोळी कालच सुरू झाली असो वा पाच वर्षांपूर्वी, एक-दोन आठवड्यांत दाखवा :

– एकाच बाजूला नवीन गाठ किंवा घट्ट जागा, दुखत असो वा नसो
– काखेत किंवा गळपट्टीच्या हाडाजवळ गाठ
– कातडी आत ओढल्यासारखी, खळी पडल्यासारखी किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसणे
– बोंडी नव्याने आत जाणे, तिच्यावर न भरणारी चिरी किंवा खपली
– बोंडीतून आपोआप पाणी किंवा रक्त येणे
– एका स्तनाचा आकार बदलणे, लाली, सूज
– चार महिने उलटूनही एकाच जागी राहिलेले दुखणे

"दुखत नाही, म्हणजे काही नाही" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. म्हणून न दुखणारी गाठ आधी दाखवा.

तपासणीला जाताना

हार्मोन सुरू करण्यापूर्वी एकदा स्तनांची हाताने तपासणी आणि वयानुसार मॅमोग्राफी करून घ्या. पुढे तुलना करायला तेच चित्र कामी येते. सुरू झाल्यावर वर्षातून एकदा डॉक्टरांकडून हाताने तपासणी, आणि मॅमोग्राफी त्यांनी सांगितलेल्या अंतराने, साधारण एक-दोन वर्षांनी. दरवेळी जुने चित्र सोबत न्या आणि गोळीची पट्टी दाखवा. "बीपीची गोळी चालू आहे" हे सगळ्या सांगतात. हार्मोनची गोळी सांगायची राहते, किंवा लाजून लपवली जाते. चित्र वाचणाऱ्या डॉक्टरांना ते माहीत नसेल, तर पांढरट चित्राचा अर्थ लावणे अवघड जाते. गरज पडली तर ते सोबत सोनोग्राफी सांगतील.

आशाताई किंवा सिस्टर घरी आल्या तरी त्यांनाही हे सांगा. बाई तपासायला आहे का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, मग हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय असा रस्ता आहे. २०२४ पासून हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. पुढच्या तपासण्यांसाठी नांदेडचे वैद्यकीय महाविद्यालय आणि छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. निदान झालेच, तर उपचाराच्या खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी तिथल्या आरोग्यमित्राकडे करा. पैशांअभावी घरी बसून राहू नका.

ज्यांना आधी स्तनाचा कर्करोग झाला आहे, त्यांनी हार्मोनची गोळी कोणाच्याही सांगण्यावरून सुरू करू नये. आई, मावशी, बहीण यांपैकी कोणाला तो झाला असेल, तर सुरू करण्याआधीच सांगा. आणि पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, तर ते गोळीचेच असेल असे धरून चालू नका.

त्या शिक्षिकेचे काय झाले?

मी त्यांना तपासले. दोन्ही स्तन सारखेच भरलेले, सारखेच हुळहुळते. त्यांना ज्या गाठी वाटत होत्या, तो गोळीने भरलेल्या ग्रंथींचा खडबडीतपणा होता. पण डाव्या बाजूला, काखेच्या जवळ, एक छोटी गोल गाठ लागली. ती त्यांना स्वतःला कधीच लागली नव्हती. मॅमोग्राफीत चित्र पांढरट होते, काही स्पष्ट दिसेना. सोनोग्राफीत दिसली : पाण्याची गाठ. साधी. हार्मोन घेताना अशा गाठी होऊ शकतात.

गोळी आम्ही बंद केली नाही. मात्रा कमी केली, आणि किती दिवस घ्यायची याचा दरवर्षी नव्याने विचार करायचे ठरवले. जाताना त्या म्हणाल्या, "म्हणजे आशाताईंना मी हो म्हणाले ते चुकलंच म्हणायचं." मी म्हणालो, "नाही. तुम्ही हो म्हणालात म्हणून कोणाचा तरी हात त्या गाठीपर्यंत पोहोचला. ती साधी निघाली, हे नशीब. पण ती सापडली, हे नशीब नव्हे."

तुमच्या दारात पुढच्या वेळी तो कागद येईल, तेव्हा खरे उत्तर द्या. यादीत नाव आले तर घाबरू नका, आणि पुढची चाळणी चुकवू नका. जाताना पिशवीत गोळीची पट्टी ठेवायला विसरू नका.